आधी बोट खुपसून बघ

अगं, तुझ्या बोन्साय वडाची चार पानं पिवळी पडली म्हणून एवढा जीव टांगणीला लावून बसलीस? वड आहे तो. पनवेलच्या जुन्या भिंतींच्या फटीत कुणी न विचारता उगवतो. तुझ्या हातून असा एवढ्यात जायचा नाही.

खरं सांगू का, माझा पहिला बोन्साय मीच मारला, आणि तोही पुण्य कमवताना! वटपौर्णिमेला रस्त्यावरच्या वडाशी गर्दी नको, म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्या जणींना घरीच बोलावलं. प्रत्येकीने तांब्याभर पाणी, वर हळदकुंकू, पंचामृत. माती किती? दोन इंच! त्यावर आपला पाऊस सुरू झाला. पंधरा दिवसांत मुळं काळी पडून कुजकट वास यायला लागला. "सात जन्म मागितलेस आणि झाडाला सात आठवडेही दिले नाहीस," असं हे अजून ऐकवतात.

चूक कुठे होते बघ. पाणी जास्त झालं तरी पानं मलूल होतात, कमी पडलं तरी होतात. आपण घाबरून आणखी ओततो. उथळ कुंडीत तळाशी पाणी साचून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून घड्याळ बघून पाणी घालू नकोस. बोट पेरभर मातीत खुपस, नखं जपायची असतील तर उदबत्तीची काडी चालेल. आत ओलसर लागलं तर तांब्या खाली ठेव. कोरडं लागलं तर मात्र कंजूषपणा नको, खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत घाल. चमचा-चमचा शिंपडलंस तर वरची माती भिजते आणि मुळं तहानलेलीच राहतात.

मे महिन्यात गॅलरीच्या फरश्या तापतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ बोट लावून बघ. जुलैत कुंडी छज्ज्याखाली घे. जागा नसेल तर एका बाजूला लाकडाचा तुकडा सारून तिरकी ठेव, पाणी निथळून जाईल. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला म्हणून निर्धास्त राहू नकोस हं, ते ऊन फसवं असतं. जेड असेल तर हात आणखी आखडता घे, त्याच्या जाड पानांतच पाणी साठलेलं असतं.

पुण्यात 2018 साली 'बोन्साय नमस्ते' प्रदर्शन भरलं होतं ना, तिथे लोक झाडांचे फोटो काढत होते आणि मी कुंड्यांखाली वाकून भोकं बघत होते! तुझ्या कुंडीत चिकट लाल माती असेल तर भोकं असूनही उपयोग नाही. झाड सावरलं की विटांचा चुरा, जाड रेती आणि थोडं जुनं शेणखत कालवून माती बदलू, मी येते मदतीला. तोवर त्याला टीव्हीशेजारून उचल. गॅलरीत सकाळचं ऊन लागू दे.

आत्ता जा, बोट लाव आणि मला कळव. आणि यंदा पूजेला दोरा खुशाल गुंडाळ, पण पाणी ताम्हणात सोड गं बाई.