वस्तीत पाळीव ससा सापडला तर

वस्तीत एखादा ससा सैरावैरा फिरताना दिसला की पोरं मागे धावतात. कुणीतरी त्याला कानाला धरून उचलतं, घरी आणतं आणि पुढ्यात गाजर-बिस्कीट ठेवतं. आरोग्य शिबिरात बाया आम्हाला विचारतात, "ताई, पोरांनी ससा आणलाय, खायला काय घालू?" म्हणून या वेळी माणसाऐवजी सशाची शुश्रूषा, तीही मालक किंवा नवं घर मिळेपर्यंतच्या चार-आठ दिवसांची.

आधी तो पाळीव आहे ना, हे बघावे. पांढरा, काळा-पांढरा, लाल डोळ्यांचा, माणसाला फारसा न बुजणारा असेल तर तो पाळीव समजावा. शेतात किंवा माळावर दिसणारा, तपकिरी करडा, लांब पायांचा ससा रानटी असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो घरी ठेवता येत नाही. त्याचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते व गवतात एकटं निपचित बसते. आई जवळपास असते, तेव्हा त्याला हात लावू नये. जखमी असेल तर वनविभागाला कळवावे.

पाळीव सशाला पकडताना पाठलाग करू नये. घाबरलेला ससा मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की त्याचा स्वतःचाच पाठीचा कणा मोडू शकतो. खोका आडवा ठेवून आत कोथिंबीर ठेवावी आणि थोडी वाट पाहावी. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान हे धरायचे दांडे नव्हेत.

दहा बाय दहाच्या खोलीतही त्याची सोय होते. एका कोपऱ्यात गोणपाट अंथरावे, लपायला खोका द्यावा, पाणी जड पसरट भांड्यात ठेवावे. विजेच्या वायरी उचलून ठेवाव्यात, कारण ससा त्या कुरतडतोच. मांजर-कुत्र्यापासून दूर ठेवावे. आंघोळ मुळीच घालू नये.

आता खाणे. खरी चूक इथेच होते. सशाचे मुख्य अन्न गवत, सुके असो वा हिरवे. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, थोडी मेथी चालते, पण धुऊन. औषध फवारलेले किंवा रस्त्याकडेचे गवत नको. पोळी, भात, पाव, बिस्कीट नको. कांदा, लसूण, कच्चा बटाटा तर नकोच. गाजर म्हणजे त्याची मिठाई, बोटभर तुकडा पुरे.

पोटाच्या ऑपरेशननंतर आम्ही परिचारिका रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो, वारा सरला का? सशाच्या बाबतीत लेंड्या बघायच्या. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, आणि त्याला उलटी करता येत नाही. बारा तास खाल्ले नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. पाठीला कुबड काढून बसणे, दात करकर वाजवणे ही वेदनेची खूण आहे. रात्री किंवा पहाटे तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नका, ते त्याच्या पचनाचाच भाग आहे.

घरात उरलेली ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून पाजू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. माणसाला उपयोगी पडणारे हे औषध सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारते आणि तो जुलाबाने दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांवर लावतात ते फिप्रोनिलचे औषधही सशाला विषारी आहे.

पत्र्याच्या घरात उन्हाळा त्याला सोसत नाही. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून बाहेर जाते. दुपारी कान ओल्या हाताने पुसावेत, बर्फ झालेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, गार पाण्यात मात्र बुडवू नये. पावसाळ्यात रोज शेपटीखाली बघावे. तिथे ओल राहिली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात.

माणसांचेही सांगायला हवे. सशाकडून मुलांना नायटा होऊ शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, मुलाच्या अंगावर गोल खाजरा चट्टा उठला तर डॉक्टरांना दाखवावे. ससा चावला तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जावे. सशापासून रेबीज होणे अतिशय दुर्मीळ, पण त्या सशाला कुत्र्याने चावले असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगावे.

मालक शोधताना विहाराच्या फलकावर, किराणा दुकानात चिठ्ठी लावावी, पण सगळ्या खुणा लिहू नयेत. कोणत्या पायावर डाग आहे, हे मागायला येणाऱ्यानेच सांगावे. बागेत किंवा जंगलात सोडून देणे म्हणजे त्याला मारणेच. पाळीव सशाला तिथे जगता येत नाही. घरी दुसरा ससा असेल तर दोघांना वेगळे ठेवा, कारण मादीचे दिवस जेमतेम ३१ असतात. सापडलेली मादी अंगाचे केस उपटून घरटे करू लागली, तर तिला हलवू नका. ससा कुणाच्या हाती सोपवताना तो खात होता ते गवतही दोन दिवसांचे बांधून द्या, अन्न एकदम बदलले तर त्याचे पोट बिघडते.