बोधिवृक्षाच्या मुळाशी : आपल्या आवारातील मातीचे आरोग्य



बोधिवृक्ष हा बौद्धांच्या श्रद्धेचा विषय आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्या भूमीवर धम्मदीक्षा दिली, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षापासून वाढलेला आहे. त्याच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तेथून आणल्या. अनुराधपूरचा वृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा, अशी परंपरा आहे. मौद्यासारख्या गावातील विहारात लावलेला पिंपळही आपण याच श्रद्धेने लावतो.

परंतु रोप लावले, पंचशील ग्रहण केले, छायाचित्र काढले, की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. दोन-तीन वर्षांनी पाने पिवळी पडतात, शेंडा वाळतो. मग कोणी कीड म्हणतो, कोणी पाणी कमी पडले म्हणतो. खरे कारण पुष्कळदा जमिनीखाली असते. भगवान बुद्धांनी शिकविले की दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते. झाडाच्या बाबतीतही हाच कार्यकारणभाव लावून पाहू.

माती म्हणजे काय ?

चांगल्या मातीत सुमारे निम्मा भाग खनिज कणांचा असतो आणि जवळजवळ निम्मा भाग पोकळीचा. या पोकळीत पाणी व हवा असते. सेंद्रिय पदार्थ थोडेच असतात, पण गांडुळे, बुरशी व असंख्य सूक्ष्म जीव त्यांच्यावरच जगतात. झाडाची मुळे श्वास घेतात. पोकळी दाबली गेली तर मुळांचा श्वास कोंडतो. वर कितीही पाणी व खत घातले तरी उपयोग होत नाही.

आपल्या पूर्व विदर्भातील शेतकरी कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची नावे देऊन तिचा गुण ओळखतो. कन्हारसारखी भारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. पावसात तीच माती पाणी धरून ठेवते आणि हवेला जागा उरत नाही. या मातीत चुनखडी अधिक असल्यास लोह असूनही झाडाला मिळत नाही. तेव्हा कोवळे पान पिवळे पडते व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लक्षण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आवाराची माती शेतासारखी नसते

घर किंवा विहार बांधताना वरची सुपीक माती उचलली जाते. तिच्या जागी मुरूम, गिट्टी, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा येतो. त्यावरून ट्रॅक्टर व ट्रक फिरतात आणि जमीन दगडासारखी घट्ट होते. सिमेंट व चुन्यामुळे ती अधिक अल्कधर्मी बनते. वर फरशी बसविली की पावसाचे पाणीही आत जात नाही.

येथे आपल्या श्रद्धेचाही दोष सांगितला पाहिजे. झाडाचा मान म्हणून आपण बुंध्याला लागून सिमेंटचा पार बांधतो, त्यात दोन-तीन फूट माती भरतो. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि झाडाच्या सावलीच्याही पलीकडे पसरतात. त्यांच्यावर अचानक भर घातली की ती गुदमरतात, बुंधा कुजू लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्यामागे हेच कारण होते.

काही बांधव म्हणतील, पिंपळ तर भिंतीच्या भेगेतही उगवतो ! खरे आहे. परंतु भिंतीतला पिंपळ तग धरतो, आणि त्याची मुळे खाली जमिनीचाच शोध घेत असतात. तग धरणे आणि शंभर वर्षे सावली देणे यांत फरक आहे.

विद्यार्थ्यांसाठी तीन प्रयोग

1. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेऊन वरपर्यंत पाणी भरा, हलवा व दिवसभर स्थिर ठेवा. तळाशी वाळू, त्यावर गाळ व सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतील.

2. एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा पाण्याने भरा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरा व पट्टीने मोजा. तासाला एक सेंटिमीटरही पाणी उतरले नाही तर निचरा वाईट आहे.

3. पाऊस पडून गेल्यावर लोखंडी सळई हाताने दाबा. ती अर्धा फूटही आत जात नसेल तर माती घट्ट झाली आहे.

याशिवाय पाच-सहा ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. सेंद्रिय कर्ब 0.50 टक्क्यापेक्षा कमी असल्यास माती उपाशी आहे असे समजावे. सामू 6.5 ते 7.5 असणे उत्तम. 8.5 च्या वर गेल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उपासकांचे कर्तव्य

विनयाच्या नियमानुसार भिक्षूंना जमीन खोदणे वर्ज्य आहे. म्हणून विहाराच्या मातीची जबाबदारी सर्वस्वी आपणा उपासक-उपासिकांची आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

14 एप्रिलच्या कडक उन्हात रोप लावण्याऐवजी आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या प्रारंभी लावावे. खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त असावा. त्यातला मलबा वेचून काढावा व तीच माती कुजलेल्या शेणखताबरोबर भरावी. भारी जमिनीत रोप किंचित उंचवट्यावर लावावे. पडलेली पाने जाळू नयेत. ती झाडाखालीच तीन-चार इंच पसरावीत, मात्र बुंध्यापासून चार बोटे दूर. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी ठेवावी आणि पार बांधायचाच तर तो दूर, माती न चढविता बांधावा. मेणबत्त्या व अगरबत्त्या मुळांवर न लावता वेगळ्या जागी लावाव्यात.

संयुक्त निकायातील वनरोप सुत्तात उपवने लावणाऱ्यांचे पुण्य अहोरात्र वाढते असे सांगितले आहे. सम्राट अशोकाने वाटसरूंसाठी व जनावरांसाठी वड लावले, आंबराया केल्या, विहिरी खोदल्या, हे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. झाड वाढले तरच ते पुण्य वाढेल, आणि झाड मातीवर वाढते. येत्या आषाढ पौर्णिमेला नवे रोप आणण्यापूर्वी आपल्या विहारातील जुन्या पिंपळाच्या मुळावरची फरशी आधी काढू या. तेही एक दानच आहे.

भवतु सब्ब मंगलं !