पाठ ११ : बेवड कशाचा?

पेरणीआधी माझे आजोबा एक प्रश्न हमखास विचारायचे, "या रानात बेवड कशाचा आहे?" आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर जो परिणाम होतो, त्याला शेतकरी 'बेवड' म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात आणि त्यातला थोडा पुढच्या पिकाला मिळतो.

आजोबांना हे अनुभवाने माहीत होतं. पण ते मोजायचं कसं?

अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या कुट्झटाउनजवळ, रोडेल इन्स्टिट्यूटने १९८१ साली एक प्रयोग सुरू केला. तीन प्रकारची शेती, शेजारी शेजारी. पहिलीत रासायनिक खतं आणि तणनाशकं. दुसरीत शेणखत. तिसरीत शेणखतही नाही. फक्त हिरवळीचं खत, म्हणजे नायट्रोजन धरणारं पीक वाढवून मातीतच गाडायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पिकं आलटून पालटून घ्यायची. आपला बेवडच की हा!

सुरुवातीची काही वर्षं या दोन सेंद्रिय प्रकारांत मका कमी आला. नायट्रोजन पुरत नव्हता. पुढे उत्पन्न बरोबरीला आलं. कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी बावीस वर्षांचे आकडे तपासून २००५ साली निष्कर्ष छापले : पाच दुष्काळी वर्षांत सेंद्रिय मका सुमारे ३० टक्के जास्त आला होता. मातीत कुजलेला पाला आणि मुळं जास्त असली, की माती स्पंजासारखं पाणी धरून ठेवते.

बावीस वर्षं! माझ्या कामात प्रोग्रॅम चालला की नाही, ते दहा मिनिटांत कळतं.

आता अडचण बघा. जमिनीत पुन्हा जीव आणणाऱ्या शेतीला 'पुनरुज्जीवी शेती' म्हणतात. ती सांगते, नांगर कमी चालवा. पण तणनाशक नको असेल, तर तण काढायला मशागत करावी लागते. या प्रयोगातही सेंद्रिय शेत नांगरलं जायचंच. शिवाय सुरुवातीची घट एखाद्या संस्थेला परवडते. कर्ज काढून पेरणाऱ्याने काय करायचं? म्हणून "हीच शेती सगळीकडे फायद्याची" असं कुणी म्हणालं, की मी विचारतो : कुठे मोजलंत, आणि किती वर्षं?

शब्दार्थ
रान – (इथे) शेत
मशागत – नांगरणी, कोळपणी वगैरे शेतातली कामं
ढेकूळ – मातीचा घट्ट गोळा (ढेकूण नव्हे! तो चावतो.)

करून बघा
एक ढेकूळ झाडाखालचं घ्या, एक नेहमी खणल्या जाणाऱ्या वाफ्यातलं. दोन्ही पूर्ण वाळवा आणि पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. पाच मिनिटांनी कोणतं विरघळलं? चार वाक्यांत लिहा.