हप्त्यांचं ओझं

रात्री साडेनऊला फोन आला. भांडी घासायची होती, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची गवार मोडायची होती. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, ही फी आज रात्री बारापर्यंतच आहे. दोनच सीट उरल्यात." मी ओले हात पदराला पुसले आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. दहा मिनिटांत मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून झालासुद्धा.

७२ हजारांचा कोर्स. सहा हजारांचे बारा हप्ते. घरी बसून शिकायचं आणि शेवटी आयटीत नोकरीची हमी. आमचा मुलगा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता, फोन आला तेव्हा बाहेरच्या खोलीतच होता. त्याला आम्ही नंतर सांगितलं.

आता आठवलं की वाटतं, आधी त्याला हाक का नाही मारली? पण त्या वेळी भीतीच एवढी होती. आम्ही साताऱ्याचे. नात्यातलं कुणी ना कुणी हिंजवडीला आयटीत असतंच. लग्नकार्यात जेवायला बसलं की पहिल्या वाढपालाच विषय निघतो, "तुमचा काय करतो?" आपण सगळेच त्या प्रश्नाला घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाला कुणी गोड बोलून रस्ता दाखवला की तो धरतो.

आपल्या पिढीला कॉम्प्युटरचा कोर्स म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ मध्ये सुरू झाला आणि गल्लोगल्ली सेंटर निघाली. मीही केलाय. माउस हातात धरता येत नव्हता तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची मुलगी हसली होती, आणि सर उठून जवळ आले होते. घरच्या अभ्यासात ते उठून जवळ येणारं माणूसच नसतं. फी भरताना हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मुलाच्या कोर्सचा पहिला महिना छान गेला. मग डेटाबेस जोडायच्या धड्यावर तो अडला. त्यानं प्रश्न लिहून पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आलं, त्यात त्याच व्हिडिओची लिंक. त्यानं तो पुन्हा पाहिला, पुन्हा अडला आणि थांबला. लॅपटॉप मात्र रोज उघडा असायचा. मी दोन महिने त्या उघड्या लॅपटॉपशेजारी चहा नेऊन ठेवत होते आणि मनात म्हणत होते, किती मन लावून करतोय!

कळलं तेव्हा मी आधी चिडले. तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही हप्ते भरताय ना, आई. कसं सांगू?"

हे वाक्य माझ्या काळजात रुतून बसलंय. आपल्याला वाटतं पैसे भरले म्हणजे आपण त्याच्या पाठीशी उभे राहिलो. त्याच्यासाठी प्रत्येक महिन्याची हप्त्याची पाच तारीख म्हणजे एक गुन्हा होता. "मला जमत नाहीये" एवढं साधं म्हणण्याची वाटच आम्ही बंद करून टाकली होती.

म्हणून सांगते, पैसे भरायच्या आधी पंधरा दिवस मुलाला फुकटातलं काहीतरी करून बघू द्या. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स आहेत. छोटे छोटे धडे, त्यातल्या बऱ्याच धड्यांचं निवेदन मराठीत. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा आणि अर्ध्यावर आपण तसंच करून बघायचं. पायथन असो, सी असो. आवड आहे की नुसतं आपल्या धाकानं बसलाय, हे पंधरा दिवसांत त्याचं त्यालाच कळतं. रुळला तर एनपीटीईएल आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांचं. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. दर आठवड्याला स्वाध्याय द्यावे लागतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्या तारखांचा धाक घरच्या अभ्यासाला फार उपयोगी पडतो.

त्यानंतरही पैसे भरून कोर्स घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण फोनवर "नोकरी लागेल का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. अडलं तर उत्तर कोण देणार आणि किती तासांत, ते विचारा. शिकवणारा समोर असेल की रेकॉर्ड केलेलं दाखवणार? मध्येच सोडलं तर पैसे परत कसे मिळतील, ते लेखी मागा. आणि 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात तो बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीनं दिलेला कर्जाचा हप्ता असतो. मुलानं कोर्स सोडला तरी तो चालूच राहतो. आमचा राहिला.

नंतर समजलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासवाल्यांच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत. नोकरीच्या हमीचे खोटे दावे, 'थोड्याच सीट उरल्यात' अशी खोटी घाई, दोन्हींना त्यात मनाई आहे. फसवणूक वाटली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. त्या रात्री हे माहीत असतं तर मी निदान सकाळपर्यंत थांबले असते.

आणखी एक, अगदी घरातलं. "घरीच तर आहेस, जरा दळण टाकून ये." "सिलिंडरवाला येईल, बघ हं." हे मी दिवसातून चारदा म्हणायचे. कॉलेजच्या वर्गातून मी त्याला कधी दळणाला पाठवलं असतं का? आता सकाळी नऊ ते अकरा तो शिकत असतो, तेव्हा त्याला कुणी हाक मारत नाही. दळण ह्यांच्याकडे गेलंय.

आणि मी "किती झालं?" विचारणं सोडलंय. संध्याकाळी शेजारी बसते आणि म्हणते, "आज कुठे अडलं ते वाचून दाखव." मला त्यातलं काही कळत नाही. परवा एक ओळ मला समजावून सांगतानाच तो थबकला. एक कंस राहिला होता. "थांब थांब," म्हणाला, आणि मी गवार मोडत तशीच बसून राहिले.

तो ७२ हजारांचा कोर्स सुटला. हप्ते अजून चार आहेत. मागच्या आठवड्यात मी पोळ्या लाटत असताना त्यानं हळूच विचारलं, "किती राहिले?" मी सांगितलं. "बाबांना सांगू नको मी विचारलं ते," म्हणाला, आणि तव्यावरची पोळी उचलून खात खात खोलीत गेला.