साथरोगतज्ज्ञाचा व्यवसाय आणि यंत्रबुद्धीचे युग

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरी एकच प्रश्न निघतो : पुढे काय करावयाचे? अलीकडे त्याला दुसरा एक प्रश्न येऊन चिकटला आहे. जी विद्या आज कष्टाने शिकावी, तिचे काम उद्या यंत्रच करू लागले तर? पालकवर्गाची ही चिंता अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु केवळ चिंतेच्या आधारावर व्यवसाय निवडता येत नाही. त्यातील काम नीट पाहूनच तो निवडावा लागतो. या हेतूने प्रस्तुत लेखात साथरोगतज्ज्ञाचा व्यवसाय आम्ही विचारासाठी घेतला आहे.

वैद्य एका रोग्याची नाडी पाहतो. साथरोगतज्ज्ञ सबंध गावाची नाडी पाहतो. कोण आजारी पडले, कोठे पडले व केव्हा पडले, हे त्याचे तीन मूळ प्रश्न. त्यांच्याइतकाच महत्त्वाचा चौथा प्रश्न असा की, आजारी पडले नाहीत ते कोण?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका लग्नात 200 माणसे जेवली व त्यांपैकी 50 जणांना रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. दोष कशाचा? तज्ज्ञ पंगतीतील प्रत्येकास विचारतो. बासुंदी खाणारे 100 होते, त्यांपैकी 45 आजारी पडले; न खाणारे 100 होते, त्यांपैकी अवघे 5. म्हणजे शेकडा 45 विरुद्ध शेकडा 5. बासुंदी खाणाऱ्यास धोका नऊपट! संशयाचे बोट बासुंदीकडे वळते. आता उरलेल्या पाचांचे काय? त्यांपैकी एका आजीबाईंना एकादशी होती. उपास मोडल्याचे चारचौघांत सांगण्यास त्या संकोचल्या. परंतु तज्ज्ञाने दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून आपुलकीने विचारताच त्यांनी वाटीभर बासुंदी घेतल्याचे कबूल केले. वरील भागाकार यंत्र क्षणार्धात करील. पण आजीबाईंची वाटी त्याला कोण सांगणार? जे कागदावर आलेच नाही, ते यंत्राला दिसत नाही.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा मात्र कोणी करू नये. आपल्या देशात साथींवर लक्ष ठेवण्यासाठी 2004 साली एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रात वृत्तपत्रांतील बातम्या चाळून साथीचा सुगावा घेण्याचे काम पूर्वी माणसे करीत. 2022 पासून त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची योजना झाली. या यंत्रणेने अनेक भाषांतील तीस कोटींहून अधिक बातम्या चाळल्या व त्यांतून आरोग्यविषयक 95,000 हून अधिक घटना वेगळ्या काढल्या. इतके वाचन कोणत्या मनुष्याच्याने व्हावयाचे? परंतु पुढचा आकडा अधिक बोधप्रद आहे. त्या 95,000 घटनांतून संभाव्य साथ म्हणून तज्ज्ञांनी निवडल्या त्या सुमारे 3,500. गवताची गंजी यंत्राने उपसली. सुई कोणती हे माणसाने ओळखले.

यंत्र चुकल्याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. लोक संगणकावर काय शोधतात यावरून फ्ल्यूच्या साथीचा अंदाज बांधण्याची योजना गूगल कंपनीने 2008 साली काढली. आरंभी तिची वाहवा झाली. पण 2012-13 च्या हिवाळ्यात तिचा अमेरिकेविषयीचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. साथीची बातमी ऐकून निरोगी माणसेही रोगाविषयी शोध घेतात, हा मनुष्यस्वभाव हिशेबात धरणे कठीण गेले. पुढे 2015 मध्ये ती योजना बंद झाली.

आता आपल्या मराठवाड्यातीलच एक हकीकत पाहा. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्या धास्तीने बीड जिल्ह्यातील मामला या गावच्या लोकांनी घरे सोडली. धान्य मात्र घरांतच राहिले व त्यावर उंदीर माजले, असे अनुमान पुढे तज्ज्ञांनी केले. 1994 च्या ऑगस्टच्या आरंभी गावात उंदीर मरून पडू लागले. पिसवांचा उपद्रव वाढला. महिनाअखेरीस गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. प्लेग! जवळजवळ तीन दशके जो रोग देशातून नाहीसा झाला असे वाटत होते, त्याचे नाव पुन्हा ऐकू आले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लक्षावधी लोक शहर सोडून पळाले.

या हकीकतीत पहिली खूण कोणती? रुग्णालयाची नोंद नव्हे, तर अंगणात पडलेला मेलेला उंदीर. ही खूण ओळखण्याची विद्या याच भूमीवर घडली आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा मांडवी भागात तो प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे होते. त्या रोगावरील लस डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. उंदरावरील पिसू हीच प्लेगची वाहक, हे 1898 मध्ये पॉल लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवून दिले. मेलेला उंदीर पाहून ज्याला हे स्मरते, तोच गावाला वेळेवर सावध करू शकतो.

आपल्या औंढा नागनाथच्या विद्यार्थ्यांना हे समजण्यास दूर जावयास नको. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आपल्या परिसरात उभारण्यास 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. असले नाजूक यंत्र रस्त्यावरील मोटारीच्या धडधडीनेही थरारते. म्हणून अमेरिकेत 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर सापडली, तेव्हा एका वेधशाळेच्या साक्षीवर शास्त्रज्ञांनी भिस्त ठेवली नाही. दूरच्या दुसऱ्या वेधशाळेतही तीच खूण उमटली होती व पुढे कित्येक महिने कसून तपासणी झाली. साथरोगतज्ज्ञाचेही असेच आहे. यंत्राने घंटा वाजविली की त्याचे काम संपत नाही, तेथून सुरू होते. घंटा खरी की खोटी, हे गावात जाऊन, पाण्याचा नमुना घेऊन व माणसांशी बोलून ठरवावे लागते. खोट्या घंटेने बाजार बंद पडतात; खरी घंटा दुर्लक्षिली तर माणसे मरतात. हा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी अंगावर घेणारा माणूसच लागतो.

तेव्हा आमचे मत असे की, केवळ आकडे गोळा करून तक्ते भरणाऱ्याचे काम यंत्र घेईल, बरेचसे घेतलेही आहे. मात्र प्रश्न विचारणाऱ्याची, पडताळा पाहणाऱ्याची व लोकांचा विश्वास संपादन करणाऱ्याची गरज वाढेल.

या मार्गाने जावयाचे कसे? एक वाट वैद्यकीय पदवीची व त्यानंतर जनऔषधवैद्यकशास्त्रातील तीन वर्षांच्या उच्च शिक्षणाची. दुसरी वाट सार्वजनिक आरोग्य या विषयातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची. तिकडे वैद्यकाखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था या विद्येसाठी नावाजलेली आहे, तर विषाणूंच्या संशोधनासाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था सर्वश्रुत आहे. गणित, संख्याशास्त्र व जीवशास्त्र पक्के असावे. यंत्राला काम सांगण्यापुरती संगणकाची भाषा यावी. आणि मराठी उत्तम यावी, कारण रोगी आपले दुखणे इंग्रजीत सांगत नाही.

पालकांपासून एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. जिल्हा पातळीवरील पुष्कळ जागा कंत्राटी असतात. साथ आली म्हणजे या लोकांची आठवण होते व ओसरली म्हणजे विस्मरण. झटपट संपत्ती हेच ध्येय असेल त्याने दुसरी वाट धरावी. पण ज्याला कुतूहल आहे, चालण्याचा कंटाळा नाही व ‘मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणण्याची लाज वाटत नाही, त्याने यंत्राच्या भीतीने या वाटेवरून परत फिरू नये.

शेवटी एक स्वाध्याय. वर्गाचे हजेरीपत्रक हे साथरोगशास्त्राचे पहिले पुस्तक होय. एक महिनाभर वर्गात कोण गैरहजर होते, कोणत्या कारणाने, ते कोणत्या आळीत राहतात व पाणी कोठून भरतात, हे वर्गशिक्षकांच्या परवानगीने व नावे गुप्त ठेवून वहीत टिपा. महिनाअखेर त्या टिपणांकडे एकवार शांतपणे पाहा. एकाच आळीतील चार मुले एकाच आठवड्यात पोटदुखीने घरी राहिलेली दिसली, तर तुमचा पहिला प्रश्न तुम्हांस सापडला असे समजा. मग उठा आणि त्या आळीतील पाणी पाहून या.