भंगारातून पोलाद

विद्यार्थी मित्रांनो, जळगावजवळ असोदा नावाचे गाव आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे हे माहेर. अशा गावांतून भंगारवाल्याची हाक रोज ऐकू येते. एकदा वर्गात मी मुलांना वडिलांचा व्यवसाय विचारला. एक मुलगा मान खाली घालून गप्प उभा राहिला. त्याचे अब्बा हातगाडीवर भंगार गोळा करतात. त्या दिवशी मी जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

खाणीतल्या लोहखनिजात लोखंडाला ऑक्सिजन चिकटलेला असतो. तो काढण्यासाठी झोतभट्टीत कोक घालतात. कोक दगडी कोळशापासून बनतो. कोकमधील कार्बन तो ऑक्सिजन ओढून घेतो. लोखंड मोकळे होते, पण कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. जगात एक टन पोलाद तयार होताना सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. आपला खानदेश तर उन्हाळ्यात आधीच किती तापतो!

आता हातगाडीकडे पाहा. वखराची झिजलेली पास, मोडकी सायकल, फुटकी बादली! या लोखंडातील ऑक्सिजन पूर्वीच काढलेला असतो. ते फक्त वितळवायचे असते. म्हणून भंगारापासून पोलाद करताना कोळसा आणि खनिज दोन्ही वाचतात.

अजिंठ्याचा घाट चढून पुढे गेले की जालना लागते. तेथे पोलादाचे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांत भंगार विजेवर वितळवतात. भट्टीभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. त्यातून वीज वाहू लागली की आतील लोखंड तापून त्याचा रस होतो. त्या रसापासून बांधकामाच्या सळ्या बनतात.

पण वीज कोठून येते? भुसावळजवळ दीपनगर येथे ती कोळशावर तयार होते. तेथेही धूर निघतोच. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात मात्र सूर्यप्रकाशावर आणि वाऱ्यावर वीज तयार होते. अशी वीज भट्टीला मिळाली, तर पोलाद अधिक स्वच्छ होईल.

सगळी गरज भंगारातून भागत नाही, कारण इमारतींतील व पुलांतील लोखंड अनेक वर्षे तेथेच राहते. म्हणून कोकऐवजी हायड्रोजन वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. हायड्रोजन ऑक्सिजनशी मिळाला की पाणी बनते. स्वीडनमध्ये २०२१ साली असे पोलाद तयार झाले. भारत सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलाद' कशाला म्हणावे, हे ठरवून दिले.

मित्रांनो, गंज म्हणजे लोखंडाला पुन्हा चिकटलेला ऑक्सिजन. मोडके लोखंड पावसात पडून राहिले, तर केलेली मेहनत वाया जाते. ते वेळेवर उचलून भट्टीपर्यंत पोहोचवणारा माणूस मोठे काम करतो. हे ऐकून त्या मुलाने मान वर केली आणि विचारले, "सर, अब्बांनी आणलेले लोखंड एखाद्या पुलातही असेल का?" मी म्हणालो, "का नसेल?"

शब्दार्थ
वखर – जमीन सारखी करण्याचे शेतीचे अवजार
पास – वखराचे लोखंडी पाते
वेटोळे – गोल गुंडाळी
हरित – हिरवे

स्वाध्याय
१. झोतभट्टीत कोक का घालतात?
२. भंगारापासून पोलाद बनवल्याने काय वाचते?
३. तुमच्या घरातील मोडक्या लोखंडी वस्तूंची यादी करा.