आंबेहळद, कांचनार आणि मानेतली गाठ

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणाला गाठ आली की आधी सहाण निघते. लेप उगाळत आणि डॉक्टरांना प्रश्न विचारत जे कळलं, ते हे.

१. आधी जखम शोधा. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, दाढ किडली की जबड्याखाली गाठ सुजते, डोक्यात उवा-फोड झाले की मानेमागे. जंतूंशी झुंजताना लसीकाग्रंथी फुगतात. मूळ बरं झालं की त्याही ओसरतात.

२. आंबेहळद, रक्तचंदन दाट उगाळून कोमट लेप लावला की ठणका कमी वाटतो. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सूज कमी करतं. पण ते कातडीतून ग्रंथीपर्यंत पोचतं, याला भक्कम पुरावा नाही. गाठ लाल होऊन मऊ पडली असेल तर लेप नकोच, आत पू असतो. बिब्बा तर कधीच नको, कातडी भाजून निघते.

३. कांचनार गुग्गुळ हे शार्ङ्गधरसंहितेतलं गंडमाळेवरचं, म्हणजे मानेतल्या गाठींच्या माळेवरचं औषध. कांचनाची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण आणि गुग्गुळ. सालीचा सूजनाशक गुण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे, माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि लहान. थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, गरोदरपणी नकोच. आणि कच्छातली गुग्गुळाची झुडपं चीक काढता काढता संपत चालली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

४. सगळ्यात महत्त्वाचं गंडमाळेचं. आपल्याकडे ती बहुधा क्षयाची असते. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, तरी आजही घराघरांत महिनोन्‌महिने नुसते लेपच चालतात. न दुखणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी दोन आठवड्यांहून जास्त राहिल्या तर सरळ सरकारी दवाखाना गाठा. बारीक सुईने गाठीतला अंश काढून तपासतात. औषध फुकट मिळतं, किमान सहा महिने घ्यावं लागतं. मधेच गाठ वाढल्यासारखी दिसते, तेव्हा लोक घाबरून गोळ्या सोडतात आणि पुन्हा सहाण काढतात. असं करू नका. औषध लागू पडत असतानाही गाठ अशी फुगू शकते. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या चालू ठेवा.

५. गळपट्टीच्या हाडावरची गाठ, किंवा दगडासारखी टणक गाठ, लेप न लावता लगेच दाखवावी.